जळालेली बॅटरी कंपनीच्या हाती देण्याआधी

२०२२ चा उन्हाळा

मार्च २०२२ च्या अखेरीस तमिळनाडूतील वेल्लोरमध्ये घरी चार्जिंगला लावलेली विजेवरची स्कूटर रात्री पेटली आणि धुरात गुदमरून बाप-लेकीचा जीव गेला. २६ मार्चला पुण्यात लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर आपोआप पेटली. तिची चित्रफीत देशभर फिरली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये कंटेनरमध्ये भरून निघालेल्या स्कूटरी जळाल्या. त्याच महिन्यात तेलंगणातील निजामाबाद आणि आंध्र प्रदेशातील विजयवाडा इथे घरात चार्ज होत असलेल्या बॅटऱ्यांनी आणखी बळी घेतले. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादेत हॉटेलच्या तळघरातील स्कूटरच्या दुकानात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि आठ जण मरण पावले. त्याच महिन्यात वसईत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचू शकला नाही.

या घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. माणसे रस्त्यावर, गाडी चालवताना दगावलेली नाहीत. सिकंदराबादचे हॉटेल सोडले तर ती घरात, बहुतेक वेळा झोपेत असताना गेली आहेत. म्हणूनच स्कूटरच्या बॅटरीचा प्रश्न हा गाडीच्या किमतीपुरता उरत नाही. घर, सामान, उपचार, कमावता माणूस, मूल, सगळे त्यात येते. भरपाई मागताना हे सगळे मागता येते, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. कंपनीने नवी स्कूटर देऊ केली की प्रकरण मिटले असे समजून कागदावर सही केली जाते.

त्या एप्रिलमध्ये तीन कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या. ओकिनावाने ‘प्रेझ प्रो’ या मॉडेलच्या ३,२१५ स्कूटरी तपासणीसाठी मागवल्या. सैल झालेले कनेक्टर आणि बॅटरीला झालेली इजा तपासून मोफत दुरुस्ती करण्याचे तिने जाहीर केले. प्युअर ईव्हीने दोन मॉडेलच्या २,००० आणि ओलाने एस-वन प्रोच्या १,४४१ गाड्या बोलावल्या. २१ एप्रिलला रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी कंपन्यांना जाहीर इशारा दिला होता: हलगर्जीपणा आढळला तर जबर दंड होईल आणि सदोष गाड्या परत घेण्याचा आदेश निघेल, तोवर कंपन्यांनी स्वतःहून सदोष गाड्या मागवाव्यात. यातल्या ‘स्वतःहून’ या शब्दाला कायद्यात फार मोठा अर्थ आहे. त्याकडे पुढे येऊ.

बॅटरी पेटते कशी

स्कूटरच्या बॅटरीत एकच मोठा सेल नसतो. लिथियम-आयनचे अनेक छोटे सेल एकमेकांना जोडून, पेटीत बसवून पॅक केलेला असतो. प्रत्येक सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि आत ज्वालाग्राही द्रव. पडद्याला कुठे छिद्र पडले, उत्पादन करताना धातूचा कण आत राहिला, सेल चेपला गेला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. तापमान साधारण १३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पडदा वितळू लागतो. त्यानंतर रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते, उष्णतेने क्रिया वाढते, आणि बाहेरची वीज बंद केली तरी ते थांबत नाही. सुतळीवरच्या फटाक्यांच्या माळेसारखा एका सेलचा ताप शेजारच्या सेलला लागतो.

निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे सेल कमी वजनात जास्त अंतर देतात, पण तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतात. लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल जड असतात, तरी उष्णतेला अधिक टिकतात. दोन्ही प्रकारांत सेलवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, असते. ती व्होल्टेज आणि तापमान पाहून चार्जिंग तोडते. २०२२ च्या आगींनंतर सरकारने डीआरडीओच्या अग्निसुरक्षा केंद्राकडे तपास सोपवला होता. तपासात सेलचा दर्जा, पॅकची रचना, वायू बाहेर पडायला वाट नसणे आणि कमकुवत बीएमएस हे दोष पुढे आले. उन्हाळा हे या आगींचे कारण होते असे म्हणणे सोपे आहे. पण उन्हाळा आपल्याकडे दरवर्षी येतो. ज्या देशात गाडी विकायची तिथले ऊन ती सोसेल असे बघणे हे बनवणाऱ्याचेच काम आहे, आणि हा मुद्दा ग्राहकाने ग्राहक आयोगापुढे ठामपणे मांडायला हवा.

नियम कडक झाले

दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे. २०२२ च्या आगींनंतर हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि मानकात बदल झाले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पॅकमध्ये तापमान मोजणारे जादा सेन्सर, सेलमध्ये पुरेसे अंतर, वायू बाहेर टाकणारी झडप, पाण्यापासून संरक्षण, धोका जाणवताच आवाज आणि दिवा देणारा इशारा, सेल कुठून आला याची नोंद, आणि एक सेल पेटला तरी पॅकला आग लागू नये याची चाचणी, असे त्याचे स्वरूप आहे. अशा चाचण्या करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे.

ग्राहकाने यातून एक तारीख लक्षात ठेवावी. गाडी डिसेंबर २०२२ च्या आधी बनली असेल तर ती जुन्या, सौम्य नियमांची आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो, तो पाहावा. पुण्यातील आगीनंतर संबंधित कंपनीने आपली बॅटरी मानकांनुसारच असल्याचे सांगितले होते. त्यामुळे प्रमाणपत्र असणे आणि दोष नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र चाचणीसाठी दिलेल्या नमुन्याला मिळते. आपल्या घरी आलेली गाडी कारखान्यात त्याच काळजीने जोडली गेली का, हे त्यावरून कळत नाही.

परत बोलावणे म्हणजे कायद्याने काय

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. गाडीतील दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल आणि ठरलेल्या प्रमाणात मालकांनी सरकारकडे तक्रारी केल्या असतील, किंवा चाचणी संस्थेचा अहवाल आला असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत घेण्याचा आदेश देऊ शकते. दोष सुट्या भागात असेल तर तो भाग बसवलेल्या सगळ्या गाड्या, मॉडेल कोणतेही असो, परत मागवता येतात. एकच बॅटरी पुरवठादार अनेक मॉडेलना पॅक देत असेल तेव्हा या तरतुदीला फार महत्त्व येते. नियमांनुसार ही व्यवस्था सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे, आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आदेश निघाला की कंपनीने गाडीची पूर्ण किंमत परत द्यायची, किंवा तशीच वा अधिक चांगली गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची. हे वाचून हायसे वाटते, पण ‘किंवा’ नीट वाचावा. यातले काय मिळावे हे ग्राहकाने निवडावे असे कायदा म्हणत नाही. कंपनी स्वाभाविकपणे सर्वात स्वस्त वाट धरते, म्हणजे दुरुस्तीची.

आता ‘स्वतःहून’ कडे वळू. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे. कंपनीला दोष स्वतः आढळला, तिने सरकारला कळवले आणि गाड्या परत बोलावल्या, तर तिला दंड होत नाही. हेतू चांगला आहे. दोष लपवण्यापेक्षा सांगणे कंपनीला फायद्याचे ठरावे असा. पण यामुळे ‘तपासणीसाठी’ अशी मोघम मोहीम जाहीर करून मोकळे होण्याची वाटही तयार होते. कोणता दोष सापडला, किती गाड्यांत सापडला, नेमके काय बदलले, हे मालकांना गाडीनिहाय लेखी सांगण्याची सक्ती असायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. ती येईपर्यंत मालकाने ते स्वतः मागून घ्यावे.

आपली तक्रार वैयक्तिक वाटली तरी ती सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवणे म्हणूनच गरजेचे आहे. आदेश तक्रारींच्या संख्येवर हलतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर घातलेला वाद त्या मोजणीत येत नाही.

पंचवीसच्या वेगाची गाडी

या साऱ्या व्यवस्थेतून एक मोठा वर्ग बाहेर राहतो. मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर नियमांनुसार ती गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही. ही सवलत म्हणूनच जाहिरातीत सांगितली जाते. पण मोटार वाहनच नाही म्हटल्यावर कलम ११०-अ ची परत बोलावण्याची तरतूदही तिला लागत नाही. बाजारात सर्वात स्वस्त असलेली, विद्यार्थी, गृहिणी, ज्येष्ठ आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे घेतात ती गाडीच या संरक्षणाबाहेर आहे. माझ्या दृष्टीने आजच्या कायद्यातली ही सर्वात मोठी उणीव आहे.

दुसरी अडचण फसवणुकीची. कागदावर २५ च्या वेगाची गाडी प्रत्यक्षात ४०-४५ ने धावते. विक्रेत्याने मोटर किंवा बॅटरी बदललेली असते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. मोठ्या बॅटरीचा भार मूळ वायरिंग आणि बीएमएसवर पडला की आगीचा धोका वाढतो, आणि आग लागली की कंपनी ‘आम्ही हे बसवलेच नव्हते’ म्हणायला मोकळी. गाडी घेताना मॉडेलच्या मान्यतेचे प्रमाणपत्र, बॅटरीचा क्रमांक आणि क्षमता बिलावर लिहून घ्यावी.

अशा गाड्यांच्या मालकांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आधार उरतो, आणि तो मजबूत आहे. या कायद्याच्या कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत घेण्याचा आणि किंमत परत देण्याचा आदेश काढू शकते. तिथे मोटार वाहन असण्याची अट नाही. सायकल, स्कूटर, नुसती बॅटरी, चार्जर, काहीही चालते. तक्रार प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. जिल्हाधिकाऱ्यांचा हा अधिकार फार थोड्यांना माहीत आहे.

परत बोलावल्याचा निरोप आला तर

निरोप एसएमएस, ॲप किंवा फोनवर येतो. चेसिस क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर तो खरा असल्याची खात्री करावी. गाडी देईपर्यंत चार्जिंग बंद ठेवावे आणि बॅटरी काढता येत असेल तर राहत्या खोलीपासून, जिन्यापासून दूर ठेवावी. गाडी दिल्यावर जॉब कार्ड घ्यावे. त्यावर बॅटरीचा जुना क्रमांक, बदलली असल्यास नवा क्रमांक आणि केलेले काम लिहून घ्यावे. ‘चेक केले, ओके’ एवढ्यावर समाधान मानू नये. या कामाचे पैसे ग्राहकाने द्यायचे नसतात.

कंपनीच्या मोहिमेत सहभागी झाल्याने पुढे भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. उलट, मोहीम जाहीर होऊनही गाडी नेली नाही आणि नंतर आग लागली, तर ‘आम्ही कळवले होते’ असे कंपनी म्हणेल. म्हणून तारीख मिळत नसेल तर तसा ईमेल करून ठेवावा.

आग लागलीच तर

आधी माणसे बाहेर काढावीत, मग १०१ किंवा ११२ वर फोन करावा. लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून ती घरात परत आणू नये.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस दाव्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. बहुतेक दावे इथेच कमकुवत होतात. कंपनीची माणसे तातडीने येतात, आस्थेने विचारपूस करतात आणि ‘तपासणीसाठी’ जळालेली गाडी व बॅटरी उचलून नेतात. ती गेली की दोष सिद्ध करणारी वस्तूच त्यांच्या ताब्यात जाते. तिचा अहवाल कंपनीच लिहिते, आणि तो अनेकदा ‘बाह्य कारण’ असा येतो. माझा आग्रहाचा सल्ला: पोलीस पंचनामा झाल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय आणि लेखी पोच घेतल्याशिवाय अवशेष कोणालाही देऊ नयेत. द्यावेच लागले तर तपासणी आपल्या किंवा आपल्या माणसाच्या उपस्थितीत व्हावी आणि अवशेष नष्ट करू नयेत असे ईमेलने कळवावे.

अग्निशमन दलाचा दाखला वेळेत मागून घ्यावा. पंचनाम्यात चार्जर कोणता होता, तो कुठल्या सॉकेटला होता, घरातील वायरिंग शाबूत आहे का, हे लिहून घ्यावे. वायरिंग जळालेली नाही ही नोंद फार मोलाची, कारण कंपनीचे पहिले बोट घरच्या विजेकडे जाते. शक्य असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून वायरिंग तपासून दाखला घ्यावा. ॲपमधील चार्जिंगच्या नोंदी, आलेल्या सूचना, सर्व्हिस सेंटरशी झालेले संदेश यांचे स्क्रीनशॉट काढावेत, कारण कंपनी ॲपमधील खाते बंद करू शकते. बिल, वॉरंटी कार्ड, जॉब कार्ड, रुग्णालयाची बिले, जळालेल्या सामानाची यादी हे सगळे एका फाइलमध्ये.

आणि सहीचा कागद. कंपनी नवी गाडी किंवा काही रक्कम देताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेल्या पत्रावर सही मागते. घरात कोणी भाजलेले असताना, उपचारांचा अंतिम खर्च माहीत नसताना ती सही करू नये. रक्कम घ्यायचीच असेल तर ‘हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे.

ग्राहक आयोगात काय मागता येते

ग्राहक संरक्षण कायद्याचे सहावे प्रकरण, कलम ८२ ते ८७, उत्पादन दायित्वाचे आहे. उत्पादनात दोष, रचनेत दोष, ठरलेल्या तपशिलापासून फारकत, दिलेल्या वॉरंटीनुसार वस्तू नसणे, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व धोक्याचे इशारे नसणे, यांपैकी काहीही दाखवता आले तर उत्पादक जबाबदार ठरतो. स्पष्ट शब्दांत दिलेल्या वॉरंटीच्या बाबतीत तर ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ हा बचाव चालत नाही. सूचनांचा मुद्दा मराठी ग्राहकाने जरूर घ्यावा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये हा इशारा फक्त इंग्रजी पुस्तिकेच्या मागच्या पानावर असेल, तर गावातल्या ग्राहकासाठी तो पुरेसा होता का, हे आयोगाला विचारता येते.

एक बारकावा वकीलही कधी चुकवतात. या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येत इतर मालमत्तेचे नुकसान, इजा, आजार, मृत्यू आणि त्यांच्याशी जोडलेला मानसिक त्रास येतो, स्वतः त्या वस्तूचे नुकसान येत नाही. म्हणजे घर आणि उपचार यांची भरपाई उत्पादन दायित्वाखाली मागायची, आणि गाडीची किंमत मात्र ‘सदोष वस्तू’ म्हणून कलम ३९ खाली, परताव्याच्या किंवा बदलीच्या स्वरूपात. दोन्ही मागण्या एकाच तक्रारीत, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात. गाडीवर कर्ज असेल तर हप्त्यांचे व्याज, दाव्याचा खर्च, बुडालेले उत्पन्न हेही मांडावे. हप्ते मात्र रागाने थांबवू नयेत. वित्त कंपनीशी झालेला करार वेगळा असतो आणि थकबाकीचा डाग आपल्या नावावर लागतो.

तक्रार कोण करू शकतो? गाडी ज्याच्या नावावर आहे तो, तसेच त्याच्या संमतीने वापरणारा. ग्राहकाचा मृत्यू झाला असेल तर त्याचे कायदेशीर वारस. एकाच मॉडेलच्या अनेक मालकांनी मिळून एक तक्रार करण्याचीही सोय आहे आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार दाखल करू शकते. एकाच बॅचच्या दहा गाड्या एकत्र आल्या की ‘तुमचीच चूक’ हा बचाव टिकवणे अवघड होते.

गाडी पोटासाठी चालवणाऱ्यांबद्दल एक गैरसमज आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ नसतो हे खरे. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला कायद्याने यातून वगळले आहे. स्वतःच्या स्कूटरवर घरोघर जेवण पोचवणारा मुलगा ग्राहकच आहे. त्याची गाडी दिवसभर धावते, दोनदा चार्ज होते. त्याच्यासाठी हे कलम फार महत्त्वाचे आहे.

विक्रेत्यालाही तक्रारीत पक्षकार करावे. विक्रेत्याने गाडीत बदल केला असेल, स्वतः वेगळी हमी दिली असेल, जोडणी-तपासणीत काळजी घेतली नसेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर तो स्वतः जबाबदार धरला जातो. बिननावाचा आयात पॅक विकणाऱ्या दुकानदारापर्यंत पोचायला ही शेवटची तरतूद उपयोगी पडते.

कुठे, किती दिवसांत, किती खर्चात

तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो वा गुरुग्रामची, तिने इथे यायचे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मागितलेली भरपाई किती, यावर हे ठरत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच पद्धत वैध ठरवली. त्यातील एक प्रकरण मोटारीला आग लागून गेलेल्या माणसाच्या कुटुंबाचे होते आणि मागणी कित्येक कोटींची होती. त्यामुळे स्कूटर सव्वा लाखाची आणि जळालेले घर साठ लाखांचे असले तरी दावा जिल्हा आयोगातच जातो. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य.

मुदत दोन वर्षांची, घटनेच्या दिवसापासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पाहावी. कंपनीने उत्तर दिले नाही तरी नोंद राहते.

दोष प्रयोगशाळेशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अवशेष जपून ठेवायचे ते याचसाठी. बीएमएसमधील नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्या हजर करण्याचा आदेश द्यावा असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात तारखा त्याहून बऱ्याच लांबतात, याची मनाची तयारी ठेवावी. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे.

कंपनीची उत्तरे

उत्तरे ठरलेली असतात: दुसरा चार्जर वापरला, पाणी गेले, अपघात झाला होता, बाहेर दुरुस्ती केली. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तीत बदल केला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही असे कलम ८७ सांगते आणि उत्पादकही हाच मुद्दा पुढे करतो. म्हणून मूळ चार्जर टाकू नये, जळाला असला तरी जपावा. गल्लीतल्या मेकॅनिककडून पॅक उघडून सेल बदलून घेणे स्वस्त पडते, पण त्यासोबत दावाही जातो. शिवाय परवानगीशिवाय गाडीत बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात मालकाला शिक्षा आहे. पावसात भिजली म्हणून जळाली, हे उत्तर मात्र आयोगाने सहज स्वीकारू नये. भारतात विकलेल्या दुचाकीने पाऊस सोसला पाहिजे, आणि मानकातही पाण्यापासून संरक्षणाची चाचणी आहे.

विमा आणि पोलीस

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या आगीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळतात. घराचा विमा वेगळा. विमा कंपनीला लगेच कळवावे. तिने दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालये आहेत. विम्याचे पैसे मिळाले तरी उरलेल्या नुकसानीसाठी उत्पादकाविरुद्ध दावा करता येतो. एकाच नुकसानीचे पैसे मात्र दोनदा मिळत नाहीत.

मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवता येतो. पोलीस ‘आकस्मिक मृत्यू’ एवढीच नोंद करून थांबत असतील तर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. फौजदारी तपास आणि ग्राहक आयोगातला दावा एकाच वेळी चालू शकतात.

कंपनीच बुडाली तर

विजेवरच्या दुचाकींचा धंदा नवा आहे आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्या लहान आहेत. अमेरिकेत हे नुकतेच घडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने रॅड पॉवर बाइक्स या कंपनीच्या काही बॅटऱ्या ताबडतोब वापरणे बंद करा असा इशारा दिला. ३१ आगींची नोंद झाली होती. सगळ्या बॅटऱ्या बदलून देणे आपल्याला झेपणार नाही असे कंपनीचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली की स्थगिती लागते आणि तिच्याविरुद्धचे दावे थांबतात. तेव्हा ही प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत आपला दावा लेखी नोंदवावा लागतो. त्याची जाहीर सूचना वृत्तपत्रात येते आणि ती नजरेतून सुटली तर हातात काही पडणे कठीण. कंपनीवरची स्थगिती विक्रेत्याला आपोआप लागू होत नाही. त्यामुळे पहिल्या तक्रारीत विक्रेत्याचे नाव असेल, आणि बॅटरीवर ज्याचे नाव छापले आहे त्या पुरवठादाराचेही असेल, तर त्यांच्याविरुद्ध दावा पुढे चालवण्याची मागणी करता येते. तक्रार लिहायला बसण्याआधी पॅकवरच्या पट्टीचा फोटो काढून त्यावरचे प्रत्येक नाव टिपून घ्यावे.